एकट्यांची नोंद

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहा, मन हलकं होतं. माझं मन हलकं करत बसायला मला वेळ कुठाय! पण जिल्ह्याचा हुकूम आहे की प्रत्येक ठाणेदारानं आपल्या माणसांच्या मनःस्वास्थ्याकडे लक्ष द्यावं. उद्या कुणी विचारलं तर लक्ष दिल्याचा पुरावा हवा, म्हणून ही वही.

उत्तरेतल्या या उर्झेदा गावाला येऊन पाच आठवडे झाले. ठाण्यात माझ्यासकट चौघं. हवालदार आबीलियु, वय चोपन्न, इथलाच, तोंडात मूग धरल्यासारखा गप्प. शिपाई फाउस्तु, एकतिशीचा, अखंड बडबड आणि हसणं. इरियाला दोन लहान पोरं आहेत, तिची ड्यूटी संपली की ती वाऱ्यासारखी घरी पळते. आणि मी, ओदेत साल्गेइरु, फौजदार, ठाण्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत राहते. जिना उतरलं की कचेरी, चढलं की घर. पिस्तूल मी ड्यूटी संपली की खालच्या कपाटातच ठेवते. वर कशाला न्यायचं?

चौघांत लक्ष ठेवण्यासारखा आबीलियु वाटतो. गप्प माणसं धोक्याची, हे मी एकदा शिकले आहे. जुन्या ठाण्यातल्या वाल्देमारसारखं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हुकुमाप्रमाणे सोमवारी भिंतीवर पेटी लावली. 'आपल्या अडचणी लिहा, नाव लिहिण्याची गरज नाही.' तीन दिवसांनी आज उघडली. एकच चिठ्ठी: 'कॉफीत साखर कमी असते.' अक्षर फाउस्तुचं, आणि वर गाढवाचं चित्र.

सकाळच्या हजेरीला मी सरळच म्हटलं, "कुणाला झोप लागत नसेल, मन लागत नसेल तर मला येऊन सांगा. ब्रगांसा शहरात मनाचे डॉक्टर आहेत, पाठवून देते."

आबीलियु बुटांकडे बघत राहिला. इरियानं घड्याळ पाहिलं. फाउस्तु म्हणाला, "मॅडम, त्या डॉक्टरकडे गेलं की पिस्तूल काढून घेतात. मग पट्टा हलका होतो आणि चड्डी खाली येते. गावात फिरायचं कसं?"

आबीलियु सोडून सगळे खो खो हसले. मीही हसले. नियम आहे खरा. डॉक्टरकडे गेलेल्याचं हत्यार जमा होतं, आणि हे गाव एवढंसं की सकाळी पट्टा रिकामा दिसला तर दुपारपर्यंत पाववालीला ठाऊक. पण नियम आपल्या भल्यासाठीच असतो. मी तसं म्हटलंही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एकट्यांच्या नोंदणीला आजपासून सुरुवात. दर ऑक्टोबरला आम्ही वाड्यावस्त्या पालथ्या घालतो आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरतो, म्हणजे हिवाळ्यात कुणाच्या धुराड्यातून दोन दिवस धूर दिसला नाही तर दार कुणाचं ठोठावायचं ते कळतं. दक्षिणेला समुद्राकाठी असली कामं नव्हती. तिथं पर्यटक आणि चोर.

आबीलियुबरोबर गेले. तो गाडी चालवतो आणि एक शब्द बोलत नाही. शेवटी पेर्पेतुआ मावशीच्या घरी पोचलो. वय शहाऐंशी, वस्तीत बाकी सगळी घरं बंद. चुलीवर चेस्टनट उकडत होते. मी फॉर्म काढला.

"मावशी, घरात आणखी कोण?"

"डोळे आहेत ना तुला? बघ की."

"जेवता कुणाबरोबर?"

"देव आणि मांजर. देव खात नाही आणि मांजर काही शिल्लक ठेवत नाही."

"कामाशिवाय शेवटचं कुणाशी बोललात?"

"आत्ता. तुझ्याशी. पण तू तर कामाला आलीयेस, म्हणजे हे मोजायचं की नाही?"

आबीलियु पहिल्यांदा हसला. झोप, घरातलं हत्यार (नवऱ्याची शिकारीची बंदूक, गंजलेली), अडचणीत हाक कुणाला माराल, सगळं झालं. मी उठले तर मावशीनं माझं मनगटच धरलं.

"आणि तू गं पोरी? तू कुणाबरोबर जेवतेस?"

"मला ड्यूटी असते मावशी."

"ड्यूटी पण खात नाही," ती म्हणाली. आबीलियु खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पडकी भिंत आणि कोंबडी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आबीलियुनं आज पुन्हा डबा आणला. कोबी-बटाट्याचं सूप आणि मक्याचा पाव. "बायकोकडून जास्त झालं." हे या आठवड्यात चौथ्यांदा. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला दोन माणसांच्या सूपचा अंदाज येऊ नये? त्याच्या घरात काहीतरी बिनसलं आहे. लक्ष ठेवायला हवं.

सूप बरं होतं. निम्मं खाल्लं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्ट्यांची यादी करायची म्हणजे डोक्याला ताप. सगळ्यांना मृतांच्या दिवशी गावी जायचं, सगळ्यांना नाताळ हवा. पण यंदा चुटकीसरशी सुटलं. फाउस्तु म्हणाला, "मॅडम, दोन्ही दिवसांची ड्यूटी माझ्या नावावर टाका. नवीन वर्षही टाका."

"बायको जोड्यानं मारेल तुला."

"ती माहेरी गेलीये, जोडे घेऊन," म्हणाला आणि इतका हसला की इरियाही हसली.

अशी चार माणसं मिळाली तर ठाणं आपोआप चालेल. नेहमी आनंदी, कधी तक्रार नाही, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. अहवालात मी 'फाउस्तु: मनःस्वास्थ्य उत्तम' असं लिहिलं. फक्त टापटीप नाही. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ब्लँकेट, दाढीचं सामान, दोन शर्ट, चहाचा थर्मास, असा सगळा बाजार भरलेला असतो. एकदा साफ कर म्हणून सांगितलं.

आबीलियुला आज केबिनमध्ये बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे मॅडम. तुमचं?"

"माझं काय?"

"काही नाही," म्हणाला आणि गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत. माझं इथं कुणी पुरलेलं नाही, मी कचेरीत बसून आहे. मग लिहूनच टाकते.

वाल्देमार दक्षिणेच्या ठाण्यात माझ्या हाताखाली होता. मागच्या नोव्हेंबरात माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, मॅडम, मला झोप येत नाही, आणि हातात पिस्तूल घेतलं की नको ते विचार येतात. मी नियमाप्रमाणे वागले. पिस्तूल जमा केलं, पावती दिली, राजधानीतल्या डॉक्टरांची वेळ घेतली, बसचा पास दिला. चार तासांचा प्रवास. त्यानं विचारलं, बरोबर कुणी येईल का? मी म्हटलं, अरे, माणसं कुठायत? तो एकटा गेला, एकटा आला. पुढे त्याला टपाल लावायच्या कामावर बसवलं. ठाण्यातली पोरं त्याला 'पोस्टमन' म्हणायची. मीही एकदा हसले होते. फेब्रुवारीत त्यानं जीव दिला.

चौकशी झाली. सगळे कागद बरोबर निघाले. माझ्यावर एक ओरखडा नाही. बदली मी स्वतः मागून घेतली, जितकं लांब मिळेल तितकं लांब.

त्याच्या आईचा फोन येतो अधूनमधून. मी उचलत नाही. उचलून काय सांगू, पावती आहे म्हणून?

११ नोव्हेंबर, मंगळवार

संत मार्तिन्हुचा दिवस. ठाण्याच्या मागच्या अंगणात आमच्या लोकांनी वाळक्या पाल्याचा जाळ करून चेस्टनट भाजले, नवी वाईन उघडली. इरियाची पोरं तोंडाला काजळी फासून नाचत होती. मला बोलवायला आधी इरिया आली, मग फाउस्तु, मग खुद्द आबीलियु. मी पाच मिनिटं उभी राहिले, एक चेस्टनट सोलला आणि कागद राहिलेत म्हणून वर गेले.

वरून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. माझ्यावरच हसत असणार. बाहेरून आलेली, पेटी लावणारी बाई! हसू देत. अधिकाऱ्यानं जवळीक करू नये असं माझा पहिला साहेब सांगायचा. तो साहेब निवृत्त झाल्यावर त्याला भेटायला कुणी जात नाही, हेही खरं.

सगळे गेल्यावर खिडकीतून पाहिलं तर फाउस्तु एकटाच टरफलं झाडत होता. झाडून झालेलं अंगण पुन्हा झाडत होता. मी वरून विचारलं, "घरी नाही का जायचं?"

"झालंच मॅडम, झालंच."

किती मनापासून काम करतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

इरियावर ओरडले. कारण तिनं दार जोरात लावलं. ती रडली. मी माफी मागायला हवी होती, मागितली नाही. तीन कागदांवर मागच्या वर्षाची तारीख घातली. पहाटे तीनपासून जागी आहे. काल जेवले होते का, आठवून पाहिलं, आठवलं नाही.

पिस्तूल आज आबीलियुलाच कपाटात ठेवायला दिलं. हात ओले होते म्हणून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रागानं अक्षर वाकडं येतंय.

आज नोंदणीचे फॉर्म जिल्ह्याला पाठवायचे होते. त्रेसष्ट फॉर्म. मी गठ्ठा मोजायला घेतला तर चौसष्ट भरले. शेवटचा काढून पाहिला.

नाव: ओदेत साल्गेइरु. वय: एकेचाळीस. पत्ता: ठाण्याच्या वर.
घरात आणखी कोण: कुणी नाही.
जेवण कुणाबरोबर: बहुधा जेवतच नाहीत.
कामाशिवाय शेवटचं कुणाशी बोलल्या: पेर्पेतुआ मावशीशी, १५ ऑक्टोबर.
झोप: नाही.
घरात हत्यार: घरात ठेवत नाहीत. स्वतःच ठेवत नाहीत.
अडचणीत हाक कुणाला मारतील: ही जागा कोरी, आणि बाजूला पेन्सिलीनं, 'विचारायला हवं'.

अक्षर आबीलियुचं. मी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हा काय चावटपणा आहे? मी म्हातारी आहे? मी निराधार आहे?"

"म्हातारी नाही मॅडम."

"जिल्ह्याला गेला असता हा कागद! माझी लाज काढायची होती तुम्हाला?"

"गेला नसता. गठ्ठा तुम्ही स्वतः मोजता, माहितीये मला. म्हणून तर तळाला ठेवला." तो उभाच होता, टोपी हातात. "त्यात खोटं काय लिहिलंय तेवढं दाखवा, मी खोडतो."

मी कागद वाचला. पुन्हा वाचला. एकही ओळ खोडता येईना. मग सरळ रडायलाच आलं. हाताखालच्या माणसासमोर! कपाळ माझं.

तो बसला. न विचारता बसला, पहिल्यांदाच. म्हणाला, "माझं पिस्तूल एक वर्षभर मेव्हण्याच्या पेटाऱ्यात होतं. अलीकडचीच गोष्ट, पोरगी वारली त्यानंतरची. साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टपाल लावत बसलो असतो. रोज सकाळी मेव्हण्याकडून घ्यायचं, संध्याकाळी द्यायचं. तो विचारायचा, आबीलियु, जेवलास? बस, एवढंच विचारायचा. तुम्ही कपाटाकडे ज्या तऱ्हेनं बघता ना मॅडम, ते मला ओळखू येतं."

"आणि ते सूप?"

"बायकोकडून काही जास्त होत नाही. मी सांगून करून घेतो."

आणि मी त्याच्या संसाराची काळजी करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "चला, निदान फाउस्तु तरी धडधाकट आहे."

आबीलियुनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "त्याला मी चारदा विचारलं. चारदा विनोद सांगितला त्यानं. माझं काही चालत नाही. मी पण गुपचूप निभावलं, मी कुठल्या तोंडानं त्याला सांगू, डॉक्टरकडे जा म्हणून?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस हेच डोक्यात. डॉक्टरकडे जायचं म्हणजे वरच्यांना कळवायचं. पिस्तूल जमा. महिना, दोन महिने, कदाचित ठाणंही काढून घेतील. एकोणीस वर्षांची नोकरी. गाव बघेल, पाववाली बघेल. गेले नाही तर कुणाला काही कळणार नाही. आबीलियु बोलणार नाही, तो सूप आणत राहील.

आणि मी हजेरीला उभी राहून सांगत राहीन, पाठवून देते. पाठवून देते! वाल्देमारलाही मी पाठवलंच होतं. त्यानं सोबत मागितली होती आणि मी पास दिला. सगळी चूक त्या एका वाक्यात होती आणि चौकशीत ते वाक्य कुणी विचारलंच नाही.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाही म्हणता येणार नाही. मला खूप भीती वाटते. आणि मला इथं फार एकटं वाटतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हजेरीला सांगून टाकलं. रात्रभर घोकलेलं भाषण पहिल्याच वाक्याला विसरले.

"मला तीन महिने झोप नाही," मी म्हटलं. "जेवण नाही. पिस्तुलाची मला भीती वाटते, म्हणून ते मी वर नेत नाही. दक्षिणेला माझा एक माणूस गेला आणि त्यात माझी चूक होती. गुरुवारी मी ब्रगांसाच्या डॉक्टरकडे जातेय. जिल्ह्याला कळवलंय. आजपासून माझं पिस्तूल जमा."

टेबलावर ठेवलं. आबीलियुनं उचललं, रिकामं केलं, कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. पावती लिहायला घेतली. मी म्हटलं, लिहा, नियम आहे.

इरिया आली आणि तिनं मला मिठी मारली, पोरांना मारते तशी, घट्ट. तेरा तारखेच्या ओरडण्याची माफी मी तेव्हा मागितली. फाउस्तुनं विनोद केला नाही. पाणी प्यायला म्हणून गेला तो तासभर परत आला नाही.

मग रिकाम्या पट्ट्यानं मी चौकातून पाव आणायला गेले. कुणी बघत असतील तर बघोत. पाववालीनं पाहिलं. पाव दोन दिले, पैसे एकाचे घेतले.

दुपारी फाउस्तु केबिनच्या दारात उभा.

"मॅडम, गुरुवारी गाडीत जागा आहे का?"

"तुझं काय काम ब्रगांसाला?"

"तुमचं आहे तेच."

मला वाटलं हा आता हसेल. तो हसला नाही. न हसणारा फाउस्तु मी पहिल्यांदा पाहिला, दहा वर्षांनी मोठा दिसत होता. बायको ऑगस्टमध्येच सोडून गेली. घर तिच्या वडलांचं, म्हणून यालाही बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून तो गाडीत झोपतो. गाडी साफ कर म्हणून मी त्याला सांगितलं होतं! सुट्ट्या मागत नव्हता कारण जायला कुठंच नव्हतं. त्या अकरा तारखेला तो अंगण झाडत होता कारण झाडून संपलं असतं तर गाडीकडे जावं लागलं असतं.

"माझं पण घ्या," म्हणाला आणि पट्टा सोडू लागला. "मागच्या रविवारी जरा... नको ते फार जवळ आलं होतं, मॅडम. आज तुम्ही बोलला नसता तर मी बोललो नसतो."

मला शहाणपणाचं काही सुचलं नाही. मी त्याला बसवलं आणि त्याच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं म्हटलं, आज रात्री गाडीत झोपायचं नाही. आबीलियुनं बाहेरूनच ओरडून सांगितलं, माझ्याकडे खोली आहे. म्हातारा दाराला कान लावून होता, आणि मला त्याचा राग आला नाही.

जिल्ह्याच्या साहेबांचा फोन. "एका ठाण्यातून दोन हत्यारं जमा? काय चाललंय काय तिकडे?"

"काळजी घेणं चाललंय, साहेब," मी म्हटलं. "गुरुवारपुरती दोन माणसं शेजारच्या ठाण्यातून पाठवा." ते पाठवतो म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ब्रगांसा. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. गाडी आबीलियुनं चालवली, आता तो खाली पार्किंगच्या पावतीवरून कुणाशी तरी भांडतोय, आवाज इथवर येतो.

डॉक्टरीण बाईंनी दार उघडून विचारलं, "आधी कोण?" फाउस्तु जमिनीकडे बघत होता. मी उठले. पाऊण तास आत होते. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण वाल्देमारचं नाव मी मोठ्यानं उच्चारलं, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. त्याच्या आईला फोन करायचं ठरलं आहे. कागद बरोबर होते हे सांगायला नाही.

बाहेर आले तर फाउस्तुनं विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं," मी म्हटलं. "पण जा."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "मॅडम, मला वेळ लागला तर... तुम्ही निघून नाही ना जाणार?"

"मी इथंच आहे."

त्याला आत जाऊन एक तास झाला. खाली आबीलियुचं भांडण मिटलेलं दिसतं. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. मला भूक लागली आहे. लागू दे, तो बाहेर आल्याशिवाय मी हलणार नाही.